४.८८ मागितला, ४.३० बसवला: एका ट्रॅक-कारच्या क्राउन-पिनियनचं प्रकरण

गाडी माझ्या मित्राची, पहिल्या पिढीची टोयोटा ८६, म्हणजे सुबारू बीआरझेडची जुळी बहीण. इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, बॉक्सर मांडणीचं, टर्बो नसलेलं. ७००० आरपीएमला २०० अश्वशक्ती, ६४०० ते ६६०० च्या पट्ट्यात २०५ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ७४०० ला रेव्ह लिमिटर, म्हणजे त्यापुढे इंजिनाला फिरू न देणारी मर्यादा. गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल, फायनल ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांआधीची क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांची शेवटची जोडी, कंपनीचा ४.१०. ती जोडी मागच्या डिफमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागात, बसते; इथे तो टॉर्सेन जातीचा. रस्त्यावरची नोंदणी काढून ती फक्त ट्रॅकसाठी ठेवली होती. आत रोल केज, एकच सीट, २२५/४५ मापाचे १७ इंची टायर. इंजिन मात्र जसं कारखान्यातून आलं तसंच, कारण मित्र ज्या वर्गात धावतो तिथे इंजिनाला हात लावायची मुभा नाही. फायनल ड्राइव्ह बदलायला मुभा आहे.

हे शेवटचं वाक्य सगळ्या प्रकरणाचं मूळ. नियमांनी एकच दार उघडं ठेवलं की माणूस आपली प्रत्येक तक्रार त्याच दारातून बाहेर काढू पाहतो.

मित्राची तक्रार एका ठिकाणची होती. ट्रॅकच्या मधल्या भागात डावं-उजवं असं जोडवळण आहे, त्याला आम्ही नुसतं 'एस' म्हणतो. तिथे सर्वांत कमी वेग ७४ किमी, आणि दोन वळणांच्या मध्ये गाडी ९८ पर्यंत जाते. दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं तर मध्येच लिमिटर लागतो, तिसऱ्यात घेतलं तर, त्याच्याच शब्दांत, "पेडल दाबतो आणि गाडी ऐकतच नाही." पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागी, त्याला सल्ला मिळाला होता: ४.८८ चा क्राउन-पिनियन टाक, गाडी उडेल. सेट मागवायच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला. मी त्याला एवढंच म्हटलं की एक आठवडा थांब आणि मागच्या तीन सत्रांचा डेटा पाठव.

आकडेमोडीत जाण्याआधी भाषेचा घोटाळा मिटवतो, कारण तिथेच अर्ध्या चर्चा घसरतात. फायनल ड्राइव्हचा आकडा म्हणजे क्राउन व्हीलच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारी संख्या. ४१ आणि १० दात असतील तर ४.१०, ४३ आणि १० असतील तर ४.३०, ४१ आणि ९ असतील तर ४.५६, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. आकडा जितका मोठा तितका चाकावर जोर जास्त, आणि प्रत्येक गिअरची धाव तितकी आखूड. म्हणून काही जण मोठ्या आकड्याला 'शॉर्ट' म्हणतात. या लेखात मी शॉर्ट आणि लाँग हे शब्द वापरणार नाही, फक्त आकडा मोठा किंवा छोटा असंच म्हणेन.

पहिलं काम टायरचा घेर मोजण्याचं. टायरवर छापलेल्या मापावरून जवळपास १.९९ मीटर येतो, पण गाडीचं वजन पडल्यावर टायर दबतो, आणि खरा घेर त्याहून कमी असतो. चालकाला आत बसवलं, टायर सत्र संपल्यासारखे गरम होते तेव्हाच हवेचा दाब पाहून घेतला, मागच्या चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण केली आणि गाडी सरळ रेषेत दहा फेरे ढकलली. १९.३ मीटर. म्हणजे एका फेऱ्याला १.९३. ऑनलाइन कॅल्क्युलेटर छापील माप घेतात, आणि तिथेच तीन टक्क्यांची चूक आत शिरते. आपण पाच टक्क्यांच्या बदलावर वाद घालत असताना तीन टक्के म्हणजे थोडकी गोष्ट नव्हे.

मग सूत्र सोपं आहे. आरपीएमला घेराने गुणायचं, ०.०६ ने गुणायचं, आणि गिअरचा रेशो गुणिले फायनल ड्राइव्ह यांनी भागायचं. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. या गिअरबॉक्सचे रेशो पहिल्यापासून असे: ३.६२६, २.१८८, १.५४१, १.२१३, १.०००, ०.७६७. बाजारात मिळणारे चार पर्याय घेऊन ७४०० आरपीएमला प्रत्येक गिअर कुठे संपतो ते मांडलं.

| गिअर | ४.१० | ४.३० | ४.५६ | ४.८८ |
|---|---|---|---|---|
| दुसरा | ९६ | ९१ | ८६ | ८० |
| तिसरा | १३६ | १२९ | १२२ | ११४ |
| चौथा | १७२ | १६४ | १५५ | १४५ |
| पाचवा | २०९ | १९९ | १८८ | १७६ |

पहिला गिअर फक्त पिटमधून निघताना लागतो, सहावा आजवर लागलेला नाही, म्हणून दोन्ही सोडले.

या तक्त्याकडे पाहून मित्राने लगेच म्हटलं, "बघ, ४.८८ ला गिअर कसे जवळजवळ आले." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडा वेळ घालवतो. फायनल ड्राइव्ह बदलल्याने दोन गिअरमधलं अंतर बदलत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात ७३०० ला गिअर टाकला तर आरपीएमची सुई ५१४० वर येते. तिसऱ्यातून चौथ्यात ५७५० वर, चौथ्यातून पाचव्यात ६०२० वर. हे आकडे ४.१० ला जितके, तितकेच ४.८८ ला. कारण फायनल ड्राइव्ह सगळ्या गिअरना एकाच आकड्याने गुणतो आणि गुणोत्तर तसंच राहतं. गिअर टाकल्यावर इंजिन पॉवरबँडच्या, म्हणजे चांगली ताकद देणाऱ्या आरपीएमच्या पट्ट्याच्या, बाहेर पडतंय ही तक्रार असेल तर तिचा इलाज गिअरबॉक्समध्ये आहे, डिफमध्ये नाही. डिफमध्ये बदलतं ते एवढंच की गिअर *कोणत्या वेगाला* टाकावा लागेल.

आणि माझ्या मते या एकाच गोष्टीवर सगळा निर्णय उभा राहतो. इंजिनाची ताकद तितकीच आहे. मोठा आकडा टाकला की काही वेगांना चाकावर जोर वाढतो आणि काही वेगांना घटतो, कारण तिथे आता एक गिअर वरचा लावावा लागतो. कोणत्या वेगांना काय मिळतं ते ४.१० आणि ४.५६ समोरासमोर ठेवून पाहू. १०० ते १२२ किमीच्या पट्ट्यात दोन्हीकडे तिसरा गिअर, तिथे ४.५६ ला चाकावर ११ टक्के जास्त जोर. १२२ ला ४.५६ चा तिसरा संपतो आणि चौथा लावावा लागतो, ४.१० मात्र १३६ पर्यंत तिसऱ्यातच. या पट्ट्यात ४.५६ साडेबारा टक्के *मागे*. १३६ ते १५५ पुन्हा ११ टक्के पुढे. १५५ ते १७२ आठ टक्के मागे. १७२ च्या वर पुन्हा पुढे. खड्डे बुजत नाहीत, ते फक्त सरकतात. प्रश्न एवढाच उरतो की आपल्या ट्रॅकवर गाडी कोणत्या वेगांना जास्त काळ असते, आणि सरकलेला खड्डा कुठे जाऊन पडतो.

म्हणून डेटा हवा होता.

ट्रॅकच्या चार जागा

पूर्ण फेरीचा आलेख लांबलचक आहे, पण खरं सांगायचं तर निर्णय चार जागांवर होता.

पहिली जागा हेअरपिन, म्हणजे गाडीला जवळपास उलट दिशेला फिरवणारं वळण. सर्वांत कमी वेग ५८, दुसरा गिअर, बाहेर पडून छोट्या सरळ रस्त्यावर ११८ पर्यंत आणि मग ब्रेक. ४.१० ला तिथे सुई ४४९० वर असते, ४.८८ ला ५३५० वर गेली असती. कागदावर हा मोठा फायदा दिसतो. पण डेटामध्ये हेही दिसत होतं की बाहेर पडताना पहिल्या क्षणभरात मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतायत, म्हणजे टायर आधीच घसरतोय. जिथे टायरची पकडच संपली आहे तिथे आणखी जोर पाठवून काही मिळत नाही. शिवाय ४.८८ ला दुसरा ८० ला संपतो आणि तिसरा ११४ ला; म्हणजे ११८ ला ब्रेक मारायच्या आधी फक्त चार किलोमीटरसाठी चौथा गिअर टाकायचा. किंवा लिमिटरवर बसून राहायचं. ४.१०, ४.३० आणि ४.५६ या तिघांनाही इथे एकच गिअरबदल पुरतो.

दुसरी जागा मुख्य सरळ रस्ता. ब्रेक मारण्याआधीचा वेग १८४. ४.१० ला पाचव्यात ६५१५ आरपीएम, ४.३० ला ६८३०, ४.५६ ला ७२४०. म्हणजे नुसता हा रस्ता पाहिला तर ४.५६ शिवलेल्या कपड्यासारखा बसतो. ४.८८ ला पाचवा १७६ ला संपतो आणि शेवटच्या आठ किलोमीटरसाठी सहावा टाकावा लागतो. हाताने गिअर टाकायला ०.३ सेकंद धरले तर १७५ च्या वेगाला साधारण साडेचौदा मीटर अंतर इंजिनाविना, हवेचा मारा सोसत. वर सहाव्याची उडी मोठी: सुई ५६०० वर येते. शर्यतीत शेजारी गाडी असताना ब्रेकच्या तोंडाशी हात गिअरवर असणं मला कधीच पटलेलं नाही.

तिसरी जागा एस, म्हणजे तक्रारीचं ठिकाण. तिसऱ्या गिअरमध्ये ७४ किमीला ४.१० ची सुई ४०४० वर असते. आता या इंजिनाला ओळखणाऱ्या कोणालाही पुढचं सांगायची गरज नाही. पहिल्या पिढीच्या ८६ च्या टॉर्कच्या आलेखात साधारण ३५०० ते ४५०० च्या दरम्यान एक घळ आहे. टॉर्क चढतो, मग खाली बसतो, मग पुन्हा चढतो. मित्र फेरीत दोनदा बरोबर त्या घळीच्या तळाशी पाय दाबत होता. ४.३० ला तिथे ४२३० येतात, अजून घळीतच. ४.५६ ला ४४९०, म्हणजे काठावर. ४.८८ ला ४८१०, म्हणजे घळीच्या बाहेर. पॅडॉकमधला सल्ला देणारा चुकीचं बोलत नव्हता. त्याने एस पाहिला होता, बाकीचा ट्रॅक पाहिला नव्हता.

चौथी जागा म्हणजे लांब उजवं वळण, आणि निकाल तिथे लागला. १०८ ने आत, १२६ ने बाहेर, जवळपास सहा सेकंद गाडी तिरकी होऊन जोराखाली असते, आणि बाहेर पडल्यावर थेट मुख्य सरळ रस्ता. ४.१० ला हे वळण तिसऱ्यात ५८९० ते ६८७५ असं जातं. इंजिनाला याहून चांगली जागा नाही. ४.५६ ला तिसरा १२२ ला संपतो. वळणाच्या मधोमध, टायर पकडीच्या काठावर असताना गिअर टाकणं म्हणजे मागचा भाग हलवण्याचं आमंत्रण. तेव्हा आत शिरतानाच चौथा लावून यावं लागणार. म्हणजे फक्त १२२ ते १२६ चं नुकसान नाही, १०८ पासून पूर्ण सहा सेकंद सुई ५१५० पासून चढत राहणार आणि चाकावर साडेबारा टक्के कमी जोर मिळणार. आणि बाहेर पडतानाचा वेग कमी झाला की ते ओझं मुख्य रस्त्याच्या टोकापर्यंत सोबत येतं.

इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली, ती मी दोनदा पडताळून पाहिली. या वळणापुरता ४.८८ हा ४.५६ पेक्षा चांगला आहे. दोघांनाही चौथाच लावावा लागतो, आणि चौथ्यात ४.८८ चा जोर अर्थातच जास्त. म्हणजे 'मधला मार्ग' म्हणून ४.५६ निवडला असता तर या ट्रॅकवरच्या सर्वांत महत्त्वाच्या वळणात चारही पर्यायांमधला सर्वांत वाईट पर्याय पदरात पडला असता. रेशोच्या बाबतीत मधला आकडा म्हणजे सुरक्षित आकडा, असं धरून चालता येत नाही.

४.३० ला तिसरा १२९ ला संपतो. १२६ ला सुई ७२१०. १९० आरपीएमची जागा शिल्लक. वळण तिसऱ्यातच होतं, आणि सगळ्या वळणभर जोर पाच टक्के जास्त.

मी मित्राला हे सगळं दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण एस तर तसाच राहिला." खरं होतं. मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही माझं मत तेच आहे: एसची तक्रार गिअरची नव्हतीच, ती इंजिनाची होती. डिफ बदलून आपण घळ टाळू शकतो, भरू शकत नाही. इंजिनाला हात लावता आला असता तर एक्झॉस्टचा हेडर आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग यांनी ती बरीच भरता आली असती, पण नियम आडवा होता. कंपनीचा स्वतःचा प्रवासही हेच सांगतो. २०१७ च्या सुधारित मॉडेलला अमेरिकेत मॅन्युअल गाडीत त्यांनी ४.३० दिला. पुढच्या पिढीत इंजिन २.४ लिटरचं केलं, घळ जवळपास नाहीशी झाली, आणि मॅन्युअलचा फायनल ड्राइव्ह पुन्हा ४.१० वर आला.

ट्रॅकनुसार रेशो बदलणं हे काही नवीन नाही. कच्च्या ओव्हल ट्रॅकवरच्या स्प्रिंट कारमध्ये मागच्या अॅक्सलला क्विक-चेंज डिफ असतो. मागचं झाकण काढून गिअरची एक जोडी बदलली की काही मिनिटांत नवा रेशो. फॉर्म्युला वनमध्येही २०१३ पर्यंत ठरावीक संचातून प्रत्येक शर्यतीसाठी गिअर निवडता येत. २०१४ पासून आठही गिअरचे रेशो हंगामाआधीच जाहीर करावे लागतात, मग मोनॅको असो की मोंझा. आपल्या गाडीचा हायपॉइड डिफ (यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला बसतो) त्या दुसऱ्या जातीचा आहे. एकदा बसवला की हंगामभर तोच. म्हणून एका वळणासाठी नव्हे, सगळ्या हंगामासाठी निवडावा लागतो, आणि मित्र ज्या दुसऱ्या ट्रॅकवर कधीमधी जातो तिथे ४.३० ने काही बिघडत नाही हेही मी तपासून घेतलं.

बसवणं

इथे माझी चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली असते. एका सेटचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही चालत नाही. दातांची संख्याही मुद्दाम अशी निवडतात की दोघांना सामाईक भाजक नसावा, म्हणजे प्रत्येक दात फिरत फिरत समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. ४३ आणि १० ही तशीच जोडी. आकडा मोठा करत गेलो की पिनियनचे दात कमी होत जातात आणि पिनियन बारीक होतो. ताकद आणि उष्णता या दोन्ही बाबतींत ते बरं नाही. ४.३० च्या बाजूने हेही एक वजन होतं.

पिनियन हाऊसिंगमध्ये किती खोल बसतो हे त्याच्या डोक्यामागच्या बेअरिंगखालच्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरतं. जुन्या पिनियनची शिम काढली, मोजली, आणि तीच नव्याखाली घातली. नव्या पिनियनच्या घडणीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा जो फरक असतो तो मी विचारात घेतला नाही. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मर्यादेत आला, प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) बरोबर आला, आणि मी खूश झालो. पॅटर्न, म्हणजे दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा, पाहिला, पण घाईत, फक्त जोराच्या बाजूचा, आणि तो "ठीक" वाटला.

पहिल्याच हळू फेरीत ८० च्या पुढे पाय उचलला की मागून बारीक सूर यायला लागला. पाय ठेवला की बंद, उचलला की सुरू. रोल केज असलेल्या, आतलं अस्तर काढलेल्या गाडीत असा आवाज सहज हरवतो. मित्राला तो ऐकूच आला नव्हता. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली.

उघडून दोन्ही बाजूंना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला हाताने रोध देत फिरवलं. ठसा दाताच्या मुळाकडे उतरलेला. म्हणजे पिनियन क्राउनच्या जास्त जवळ. शिम पातळ घातली, बॅकलॅश पुन्हा जुळवला, पुन्हा ठसा. तिसऱ्या प्रयत्नात तो दाताच्या उंचीच्या मध्यावर आणि आतल्या टोकाच्या किंचित जवळ आला. जोर पडला की तो आपोआप बाहेरच्या टोकाकडे सरकतो, म्हणून रिकाम्या अवस्थेत तिथेच हवा. ठसा जर दाताच्या लांबीत आत-बाहेर सरकलेला असेल तर मुख्यतः बॅकलॅश पाहायचा, आणि उंचीत खाली-वर असेल तर पिनियनची शिम. ही दोन गणितं एकमेकांत गुंततात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणखी एक धडा क्रश स्लीव्हचा, म्हणजे पिनियनवरच्या चेपणाऱ्या नळीचा. पिनियनचं नट आवळताना ती चेपत जाते आणि त्यातून बेअरिंगचा प्रीलोड ठरतो. एकदा गरजेपेक्षा जास्त चेपली की परत फुगत नाही. नट ढिलं करून प्रीलोड कमी झाल्याचं समाधान करून घेणं म्हणजे बेअरिंगचा नाश. मी दोन स्लीव्ह वाया घालवल्या. जुळवाजुळव करताना जुनी स्लीव्ह वापरायची, आणि ठसा पक्का झाल्यावर शेवटच्या बांधणीला नवी घालायची, असं आता ठरवलं आहे.

नव्या दातांना थेट शर्यतीत नेलं नाही. पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने, मग पूर्ण थंड होऊ दिलं, असं चार वेळा. हायपॉइड दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. सुरुवातीला त्यातून पुष्कळ उष्णता निघते आणि नवा पृष्ठभाग त्याच वेळी जळतो किंवा घडतो. मग जीएल-५ दर्जाचं तेल बदललं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम होतं, बोटावर चोळल्यावर कण लागले नाहीत. टोकदार तुकडा सापडला असता तर पुन्हा उघडला असता.

स्पीडोमीटरची काळजी या गाडीत पडली नाही, कारण वेग चाकांवरच्या सेन्सरवरून घेतला जातो. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून वेग मोजणाऱ्या गाड्यांमध्ये मात्र डिफ बदलला की स्पीडोमीटर तितक्याच टक्क्यांनी खोटं बोलू लागतो.

ट्रॅकवर

पहिल्या पूर्ण दिवशी मित्राने जे सांगितलं ते मी आहे तसं देतो. हेअरपिनमध्ये फरक जाणवत नाही. एसमध्ये "थोडा जीव आला, फार नाही." लांब उजव्या वळणात गाडी "ओढून नेते." मुख्य रस्त्याच्या टोकाला डेटामध्ये १८५ ते १८६, म्हणजे एक-दोन किलोमीटर जास्त. त्याची चांगली फेरी आधीपेक्षा चार दशांश सेकंदांनी लवकर झाली. यातले सगळे चार दशांश डिफचे आहेत असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी हवा थंड होती, आणि डेटा समोर ठेवून बसल्यामुळे एसमध्ये तो आता पहिल्या वळणात वेग जरा जास्त राखतो. ७४ चे ७८ झाले की ४.३० ची सुई ४४६० वर जाते. घळीचा काठ गाठायला पाना लागला नाही, त्याच्या हाताने ते काम केलं.

एक गोष्ट मात्र आकडेमोडीत आधीच दिसली होती आणि अगदी तशीच समोर आली. जोराखाली मागचा टायर थोडा घसरतोच. चौथ्या गिअरला ६५०० आरपीएमवर सूत्र १४४ किमी सांगत होतं आणि जीपीएस १४२ दाखवत होता. हा साधारण दीड टक्का. टायरची पाच मिलिमीटर झीज झाली की घेर आणखी दीड टक्क्याहून थोडा जास्त कमी होतो. नव्या टायरवर लांब उजव्या वळणाबाहेर १२६ ला घसरण धरून सुई ७३२० च्या आसपास, म्हणजे लिमिटरच्या आत. झिजलेल्या टायरवर तीच ७४४० होते, म्हणजे लिमिटरच्या पलीकडे. मी कागदावर या आकड्याभोवती गोल काढून ठेवला होता.

टायर निम्म्याहून जास्त झिजल्यावर एका दुपारच्या शेवटच्या सत्रात, त्याच वळणाच्या बाहेरच्या कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर), इंजिन पहिल्यांदा अडखळलं. मित्राने पिटमध्ये येऊन विचारलं, काही बिघडलं का. मी टायरची खोली मोजली आणि त्याला कागद दाखवला. आता तो कर्ब ओलांडताना इंजिन ठोके देऊ लागलं की तो पुढच्या सत्राआधी मागचे टायर उतरवून ठेवतो.